‘ते बोहऱ्यांचं हॉस्पिटल, आपल्याला घेत नाहीत’

मुंबईत ही समजूत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. चर्नी रोडचं सैफी बोहऱ्यांचं, भायखळ्याचं मसीना पारशांचं. म्हणजे इतरांनी तिकडे फिरकायचंच नाही.

ती चूक आहे. पैसा त्या त्या समाजातला, पण दार सगळ्यांना उघडं. परळची वाडिया हॉस्पिटलं घ्या. १९२६ चं प्रसूतिगृह आणि १९२९ चं मुलांचं रुग्णालय पारशी गिरणीमालकांच्या पैशातून उभं राहिलं, ते गिरणगावातल्या कामगारांच्या बायकामुलांसाठी. पारशी दात्याच्या नावाचं जेजे तर आज सरकारीच.

गैरसमजाला थोडं कारण आहे, नाही असं नाही. पारशी बागांमधली, म्हणजे त्यांच्या वसाहतींमधली, घरं पारशांनाच मिळतात. लोक घराचा नियम दवाखान्यालाही लावून मोकळे होतात.

खरी अडचण बिलाची. पण ‘धर्मादाय’ म्हणून नोंदलेल्या रुग्णालयांना महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ४१ कक लागू आहे आणि २००६ पासून उच्च न्यायालयाने मंजूर केलेली योजनाही. १० टक्के खाटा निर्धनांना मोफत, १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत. त्यासाठी बाकीच्या रुग्णांच्या एकूण बिलातले २ टक्के रुग्णालयाने वेगळ्या निधीत टाकायचे. पात्रता ठरते उत्पन्नावर. धर्म-जात कुठेच नाही. तहसीलदाराचा दाखला किंवा रेशनकार्ड घेऊन थेट रुग्णालयानेच नेमलेल्या समाजसेवकाला गाठा. बिलिंगच्या खिडकीवर हे आपणहून कोणी क्वचितच सांगतं. आणि तातडीच्या वेळी ‘आधी डिपॉझिट भरा’ म्हणून निर्धन रुग्णाला अडवता येत नाही.