दहा वेळा लिहिलेला शब्द अकराव्यांदा का आठवत नाही?

चीनमधल्या इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकांमध्ये ली हुआ नावाचा एक विद्यार्थी वर्षानुवर्षं पत्रं लिहितो आहे. ‘समज, तू ली हुआ आहेस’ अशी प्रश्नाची सुरुवात होते. मग परीक्षार्थीने कुठल्याशा पीटरला किंवा जिमला चिनी नववर्षाचं आमंत्रण धाडायचं, शाळेच्या क्रीडादिनाची माहिती कळवायची, नाहीतर चिनी भाषा कशी शिकावी याचा सल्ला द्यायचा. उत्तरपत्रिकेत मुलाचं खरं नाव येऊ नये म्हणून काढलेली ही युक्ती. तिच्यामुळे ली हुआ देशातल्या प्रत्येक घरात पोचला आहे. त्याचं वय वाढत नाही आणि त्याचे सल्ला मागणारे परदेशी मित्रही संपत नाहीत.

ली हुआ होऊन पत्र लिहिण्याची वेळ अनेकांवर पहिल्यांदा येते ती पंधराव्या वर्षी, झोंगकाओ या नववीअखेरच्या परीक्षेला. चीनमध्ये नऊ वर्षांचं शिक्षण सक्तीचं आहे. त्यातली शेवटची तीन वर्षं, म्हणजे सातवी ते नववी, माध्यमिक शाळेची. ती संपताना, साधारण जूनमध्ये, ही परीक्षा होते. पुढच्या गाओकाओची, म्हणजे विद्यापीठ प्रवेश परीक्षेची, चर्चा जगभर होते, पण अनेक चिनी पालकांची झोप उडते ती झोंगकाओने. कारण इथे रस्ता फुटतो. ढोबळमानाने निम्मी किंवा त्याहून थोडी अधिक मुलं विद्यापीठाकडे नेणाऱ्या उच्च माध्यमिक शाळांत जातात आणि उरलेली व्यवसाय शिक्षणाकडे वळतात. पेपर प्रांत किंवा शहर काढतं, त्यामुळे गुण ठिकठिकाणी वेगळे असतात. पण चिनी आणि गणिताच्या शेजारी तिसरा मोठा विषय इंग्रजी हे बहुतेक सगळीकडे ठरलेलं. २०२२ च्या अभ्यासक्रमानुसार नववी संपेपर्यंत मुलाला सुमारे १६०० इंग्रजी शब्द यायला हवेत.

आकडा वाचून फार वाटत नाही. पण हे शब्द कुठल्या भाषेवर येऊन बसतात ते पाहिलं पाहिजे. चिनी क्रियापद काळानुसार बदलत नाही. ‘काल मी जाणे’, ‘उद्या मी जाणे’ अशा धर्तीवर काम चालतं, आणि क्रिया पुरी झाली हे सांगायला वेगळा छोटा शब्द जोडतात. नामांना एकवचन-अनेकवचनाची सक्ती नाही. ‘तो’, ‘ती’ आणि ‘ते’ लिहिताना वेगळे, पण उच्चार तिन्हींचा एकच: ‘ता’. म्हणून उत्तम इंग्रजी बोलणारी चिनी माणसंही भरधाव बोलताना बाईला ‘he’ आणि पुरुषाला ‘she’ म्हणून जातात. नियम त्यांना पाठ असतो. अडचण अशी की बोलण्याआधी मनात वाक्याची जुळवाजुळव होते तेव्हा लिंग ठरवून ठेवण्याची सवय त्यांच्या भाषेने त्यांना लावलेलीच नसते. टेबलाला आणि खुर्चीलाही लिंग देणाऱ्या मराठी मुलाला ही चूक सुचणारसुद्धा नाही. मात्र नामाआधी ‘अ’ लावायचा, ‘द’ लावायचा की काहीच नाही, या प्रश्नावर ते आणि बीजिंगचं मूल एकाच बाकावर बसतात, कारण तशी उपपदं दोघांच्याही भाषेत नाहीत.

उच्चारांचंही तसंच. प्रमाण चिनीत शब्दावयव स्वरावर संपतो, नाहीतर ‘न’, ‘ङ’ अशा अनुनासिकावर किंवा फार तर ‘र’वर. जोडाक्षरं नाहीतच. त्यामुळे इंग्रजी शब्दाच्या शेवटी येणारी व्यंजनांची गर्दी एकतर गळते, नाहीतर तिच्यामागे एक जादा स्वर येऊन चिकटतो. ‘थिंक’चं ‘सिंक’ होणं तर नेहमीचंच.

आता सरावाकडे. चिनी मूल पहिलीपासून हजारो चित्राक्षरं हाताने गिरवत वाचायला शिकतं. २००५ साली ली हाय तान आणि सहकाऱ्यांनी बीजिंगच्या प्राथमिक शाळेतल्या मुलांचा अभ्यास केला. चिनी वाचन चांगलं येण्याचा संबंध त्यांना अक्षरं लिहिण्याच्या कौशल्याशी ठळकपणे जुळताना दिसला. लिपीत ध्वनी लिहिणाऱ्या भाषांमध्ये हा मान आवाज सुटे करून ओळखण्याच्या क्षमतेला मिळतो. हीच सवय इंग्रजीत उतरते. २००३ मधल्या एका प्रयोगात इंग्रजी शिकणारे कोरियन आणि चिनी विद्यार्थी शेजारी ठेवून पाहिले. कोरियन लिपी आपल्यासारखीच ध्वनी लिहिणारी. उच्चार सारखा आणि स्पेलिंग वेगळं, अशा शब्दांनी कोरियन विद्यार्थी फसत होते. चिनी विद्यार्थी आवाजाने तेवढे फसत नव्हते. त्यांचं लक्ष शब्द दिसतो कसा याकडे अधिक होतं. म्हणजे चिनी मुलाने इंग्रजी शब्द वहीत पुन्हा पुन्हा लिहून काढणं हा निव्वळ शिक्षकाचा हट्ट नाही. वाचायला शिकण्याचा त्याला ठाऊक असलेला तो रस्ता आहे.

तरीही दहा वेळा लिहिलेला शब्द परीक्षेत आठवत नाही, ही तक्रार चीनमध्ये आहे आणि आपल्याकडेही. घोकंपट्टी म्हणून नाक मुरडणं सोपं आहे. पण घोकंपट्टीत दोन अगदी वेगळी कामं मिसळलेली असतात: पाहून लिहिणं आणि आठवून लिहिणं.

या दोन्हींतला फरक किती मोठा आहे हे जेफ्री कार्पिकी आणि हेन्री रोडिगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००८ साली दाखवून दिलं. त्यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना स्वाहिली भाषेतले ४० शब्द इंग्रजी अर्थांसह शिकायला दिले. सगळ्यांना सगळे शब्द एकदा तरी अचूक सांगता आले. इथपर्यंत सारे बरोबरीत. फरक एवढाच होता, की एकदा बरोबर आलेल्या शब्दाचं पुढे काय करायचं. काहींनी तो शब्द पुन्हा अभ्यासायचा, पण त्याची परीक्षा द्यायची नाही. काहींनी पुन्हा अभ्यासायचा नाही, पण परीक्षा देत राहायचं. आठवड्याने तपासलं तेव्हा परीक्षा देत राहिलेल्यांना सुमारे ८० टक्के शब्द आठवले. नुसता अभ्यास करत राहिलेल्यांना ३६ टक्के. परीक्षा चालू असेल तर शब्द पुन्हा अभ्यासला काय आणि न अभ्यासला काय, फरक जवळजवळ पडलाच नाही. मला यातला सर्वांत बोचरा भाग वेगळाच वाटतो. ‘आठवड्याने किती आठवेल?’ असं आधी विचारलं तेव्हा सगळ्या गटांचा अंदाज एकसारखाच होता, जवळपास निम्मे. कोणती पद्धत आपल्या उपयोगी पडते आहे, हे शिकणाऱ्याला आतून कळतच नाही.

चिनी वर्गात रोज चालणारं ‘तिंगश्ये’, म्हणजे ऐकून लिहिणं, या दृष्टीने पाहिलं तर उत्तम आहे. शिक्षिका चिनी अर्थ उच्चारते आणि मुलाला इंग्रजी शब्द डोक्यातून बाहेर काढावा लागतो. पण त्यात चुकलेला शब्द ‘वीस वेळा लिहून आण’ ही शिक्षा मिळाली की काम पुन्हा पहिल्या जातीचं होतं. तिसऱ्या ओळीनंतर हात चालतो आणि मन मैदानावर जातं.

कधी उजळणी करायची, याचंही एक वेड चीनमध्ये आहे. शब्दांच्या वह्यांवर एबिंगहाउसच्या नावाचे तक्ते छापलेले असतात: पहिला, दुसरा, चौथा, सातवा, पंधरावा दिवस. हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाचं पुस्तक १८८५ चं. त्याने प्रयोग केले ते एकाच माणसावर, स्वतःवर, आणि तेही निरर्थक अक्षरसमूह पाठ करून. विसरण्याचं माप त्याने घेतलं ते सुमारे वीस मिनिटांनी, तासाने, नऊ तासांनी, मग एक, दोन, सहा आणि एकतीस दिवसांनी. वहीवरचा तो तक्ता त्याचा नव्हे; त्याच्या नावावर खपवलेला आहे. तत्त्व मात्र खरं: एका बैठकीत पाच वेळा पाहण्यापेक्षा पाच दिवसांत विभागून पाहिलेलं टिकतं. किती अंतर ठेवावं, यावर निकोलस सेपेडा आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये मोठा प्रयोग केला. त्यांचं उत्तर असं की ते परीक्षा किती दूर आहे यावर अवलंबून आहे. आठवडाभर लक्षात ठेवायचं असेल तर त्या काळाच्या साधारण २० ते ४० टक्के अंतराने उजळणी करावी. वर्षभराचा प्रश्न असेल तर हे प्रमाण ५ ते १० टक्क्यांवर येतं, पण दिवस वाढतात. नववीच्या सुरुवातीला शिकलेला शब्द जूनपर्यंत टिकवायचा असेल, तर दुसऱ्या-चौथ्या दिवशीची धावपळ कमी आणि तीन-चार आठवड्यांनंतरची आठवण जास्त कामाची.

चिनी शाळांत पहिल्या तासाआधी सगळा वर्ग पुस्तक धरून मोठमोठ्याने वाचतो, त्याबद्दलही विज्ञानाचं उत्तर थोडं तिरपं आहे. कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठाचे कॉलिन मॅक्लाउड आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवलं, की मनात वाचलेल्या शब्दांपेक्षा मोठ्याने वाचलेले अधिक लक्षात राहतात. पण हा फायदा मुख्यतः दोन्ही प्रकारचे शब्द एकाच यादीत मिसळलेले असताना दिसतो. उच्चारलेला शब्द इतरांतून उठून दिसतो म्हणून राहतो. सगळंच ओरडून वाचलं की उठून दिसायला काही उरत नाही आणि फायदा बराच आटतो. त्यात पन्नास जणांच्या एकसुरात नुसते ओठ हलवणारं मूल असतंच; पाढ्यांच्या वर्गात बसलेल्या कुणालाही ते वेगळं सांगायला नको.

चिनी विद्यार्थ्याच्या दप्तरातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे चुकांची वही. चुकलेला प्रश्न तिच्यात उतरवायचा, चूक का झाली ते लिहायचं, बरोबर उत्तर लिहायचं. हिला भक्कम आधार आहे. २००१ साली कोलंबिया विद्यापीठातल्या ब्रॅडी बटरफील्ड आणि जॅनेट मेटकाफ यांना एक अनपेक्षित गोष्ट दिसली: अगदी खात्रीने दिलेलं उत्तर चुकीचं निघालं, तर ती चूक चाचरत केलेल्या चुकीपेक्षा लवकर सुधारते. बहुधा धक्का बसल्यामुळे लक्ष एकवटतं. बहुपर्यायी प्रश्नांना तर अशी वही हवीच, कारण चुकीचे पर्याय वाचून वाचून त्यातलाच एखादा खरा वाटू लागतो. हा परिणामही प्रयोगांत सापडला आहे आणि लगेच बरोबर उत्तर कळल्यास तो बराच ओसरतो. मात्र वहीचं सार्थक होतं ते पान झाकून प्रश्न पुन्हा सोडवल्यावर. तीन रंगांच्या पेनांनी सजवलेली आणि पुन्हा न उघडलेली वही ही हस्ताक्षराची वही.

एवढं सगळं करूनही एक दुखणं राहिलं, ज्याला चिनी लोकच ‘मुकं इंग्रजी’ म्हणतात. पेपरात नव्वद टक्के आणि समोर परदेशी पाहुणा आला की तोंडातून शब्द नाही. याचा दोष लाजाळूपणावर ढकलला जातो. रॉबर्ट डीकायझर यांनी १९९७ मध्ये केलेला प्रयोग वेगळं सांगतो. त्यांनी मुद्दाम रचलेल्या एका छोट्या भाषेचे नियम विद्यार्थ्यांना शिकवले आणि कित्येक आठवडे सराव घेतला. काही नियमांचा सराव फक्त वाक्य समजून घेण्याचा, काहींचा फक्त वाक्य तयार करण्याचा. नियम तेच, पण समजण्याचा सराव केलेल्यांना ते वाक्य बनवताना नीट वापरता येईनात आणि उलटही तसंच. नियम डोक्यात एकच असला, तरी सरावाने येणारा वेग आणि अचूकपणा ज्या दिशेने सराव केला त्याच दिशेला येतो. तीन वर्षं गाळलेल्या जागांवर खुणा करणारं मूल गाळलेल्या जागांत पटाईत होतं. त्याने आणखी काही व्हावं ही अपेक्षा आपली. सरावाने तसा शब्द दिलेला नव्हता.

बीजिंगने यावर शिकवण्यापेक्षा परीक्षा बदलली. २०१८ पासून तिथे झोंगकाओच्या इंग्रजीतले १०० पैकी ४० गुण ऐकण्या-बोलण्याला आहेत आणि ती परीक्षा संगणकासमोर, कानाला हेडफोन लावून होते. वर्षातून दोन संधी मिळतात, त्यातले चांगले गुण धरतात. परीक्षेत आलं म्हणजे वर्गात आलं, हे आपल्यालाही सांगायला नको. जुलै २०२१ मध्ये सरकारने शालेय विषयांच्या नफेखोर शिकवण्यांवर कडक बंधनं आणली, तेव्हा हा भार अधिकच शाळेवर आला.

मूल आता बोलतं, पण ऐकतं ते स्वच्छ ध्वनिमुद्रणातले नेमके, सावकाश आवाज. इथे जपानी विद्यार्थ्यांवरचं एक जुनं काम आठवतं. ‘र’ आणि ‘ल’ त्यांना सारखेच ऐकू येतात. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला डेव्हिड पिसोनी आणि सहकाऱ्यांनी त्यांना हा फरक ऐकण्याचा सराव दिला. अनेक माणसांच्या आवाजांवर शिकलेल्यांना नव्या माणसाचा उच्चारही ओळखता आला. एकाच आवाजावर शिकलेले त्या आवाजापुरते सुधारले; नवा माणूस बोलू लागला की पुन्हा गोंधळले. झोंगकाओच्या तयारीसाठी यातून निघणारी गोष्ट खर्चाची नाही. तोच उतारा वर्गातल्या पाच वेगळ्या मुलांनी वाचावा, एकदा शिक्षिकेने, एकदा हुनान प्रांतातल्या कुणीतरी, जिथे अनेकांच्या बोलीत ‘न’ आणि ‘ल’ची अदलाबदल होते, आणि बाकीच्यांनी पुस्तक मिटून तो उतरवून घ्यावा.