खिशातले युद्धखेळ : रचना आणि कोल्हापूर परिसरातल्या लढाया

खिशातला युद्धखेळ म्हणजे लढाईवर बेतलेला असा बैठा खेळ, ज्याचा पट, सोंगट्या, फासे आणि नियम सगळे मिळून सदऱ्याच्या खिशात मावतात. पट बहुधा पोस्टकार्डाएवढा असतो, सोंगट्या दहा-पंधरा, नियम एका पानात संपणारे आणि डाव कोल्हापूरहून निघालेली एसटी पन्हाळ्याला पोचेपर्यंत निकाली निघणारा. मोठा खेळ छापताना लहान केला की असा खेळ होत नाही. त्या लढाईत सेनापतीपुढे खरा पेच कोणता होता, हे आधी ओळखावे लागते. तेवढा ठेवून बाकीचे सोडून द्यावे लागते. काय सोडले यावरच रचनाकाराची पारख होते.

लढाई पटावर मांडण्याची कल्पना आपल्याकडे जुनीच आहे. चतुरंगात हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ होतेच. महाराष्ट्रातल्या गडांवर आणि लेण्यांत कातळावर कोरलेले नवकंकरीसारखे पट आजही दिसतात, आणि वाघबकरीत थोडे वाघ व पुष्कळ बकऱ्या असा विषम सामना असतो. आधुनिक युद्धखेळाची सुरुवात मात्र प्रशियात झाली. तिथल्या फॉन राइसवित्झ पितापुत्रांपैकी मुलाने १८२४ मध्ये नियम छापले. त्यात नकाशा १:८००० प्रमाणाचा होता, तुकड्या म्हणजे त्याच मापाचे ठोकळे होते आणि चकमकीचा निकाल फासा व कोष्टक मिळून लावत. अमेरिकेत चार्ल्स रॉबर्ट्स यांनी १९५४ मध्ये पुठ्ठ्याच्या चौकोनी सोंगट्यांचा खेळ विकायला आणला. पुढे षटकोनी घरांचा पट रूढ झाला. खिशाच्या मापाला खरी चालना मिळाली ती १९७७ च्या ‘ओगर’मुळे. स्टीव्ह जॅक्सन यांच्या या खेळाची किंमत २.९५ डॉलर होती. एका बाजूला एकच अजस्र यंत्ररणगाडा, दुसऱ्या बाजूला अख्खी फौज. वाघबकरी खेळत वाढलेल्या माणसाला ही मांडणी परकी वाटू नये.

पटाचे गणित साधे असते. पोस्टकार्ड १४८ बाय १०५ मिलिमीटरचे धरले आणि षटकोनाची रुंदी १५ मिलिमीटर ठेवली, तर आडवी ९ आणि उभी ७ अशी ६३ घरे बसतात आणि कडेला थोडी जागाही उरते. सोंगटी १२ मिलिमीटरची हवी. त्याहून मोठी झाली तर शेजारची सोंगटी हलल्याशिवाय उचलता येत नाही.

घरे बसली म्हणून लढाई बसतेच असे नाही. पन्हाळा ते विशाळगड हे अंतर सरळ रेषेत सुमारे ४० किलोमीटर आहे. राइसवित्झच्या प्रमाणाने त्याला ५ मीटर लांब नकाशा लागेल. पोस्टकार्डावर बसवायचे तर प्रमाण १:३,००,००० च्या आसपास जाते आणि शंभर मीटरची खिंड एका मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढी उरते. जिथे सगळी लढाई झाली तीच जागा नकाशावरून पुसली जाते. म्हणून या प्रसंगासाठी नकाशाचा नाद सोडून घरांची एक ओळ आखणे बरे.

हा प्रसंग १३ जुलै १६६० चा. पन्हाळ्याला आदिलशाही सरदार सिद्दी जौहरचा वेढा होता. आदल्या रात्री शिवाजी महाराज पावसात गडाबाहेर पडले, शिवा काशीद महाराजांच्या वेषात पालखीत बसून शत्रूच्या हाती लागले, आणि घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांड्यांनी पाठलाग अडवला. परंपरेप्रमाणे सोबत सहाशे मावळे होते आणि त्यांतले तीनशे खिंडीत राहिले. विशाळगडाच्या पायथ्याशीही आदिलशाहीकडच्या सुर्व्यांचा वेढा होता, तो फोडायला माणसे लागणारच होती. पेच असा, की खिंडीत किती ठेवायचे आणि महाराजांसोबत किती द्यायचे.

हे पटावर आणू. सहाशेंच्या बारा सोंगट्या केल्या, एक सोंगटी पन्नास मावळ्यांची. खिंडीत सहा, महाराजांसोबत सहा. विशाळगड पंधरा घरांवर, दर फेरीला एक घर पुढे. आदिलशाही खेळाडू दर फेरीला एक फासा टाकतो. ५ किंवा ६ चे दान पडले की खिंडीतली एक सोंगटी उठते. पंधरा फेऱ्यांच्या आत सहाही उठण्याची, म्हणजे मराठे हरण्याची, शक्यता शंभरात ३८ येते. तीन घरे वाढवून अठरा केली की तीच ५९ होते. म्हणजे तीन घरांत पारडे फिरते. मोठ्या पटावर अशी चूक इतर पन्नास गोष्टींत मुरून जाते, इथे ती पहिल्याच डावात उघडी पडते.

आता वाटणीचा निर्णय खेळाडूकडे देऊ. महाराजांसोबतची एक सोंगटी कमी केली की वेढा फोडायला उशीर होतो, म्हणून तीन घरे वाढवायची. खिंडीत सात ठेवल्या तर घरे अठरा. पराभवाची शक्यता ३९. खिंडीत पाच ठेवल्या तर घरे बारा, शक्यता ३७. सहा-सहाला ३८ होतीच. खेळाडू दहा मिनिटे कपाळाला हात लावून वाटणी ठरवतो आणि कशीही केली तरी फळ तेच मिळते. नव्या रचनाकाराच्या हातून ही चूक फार होते. दिसायला निर्णय आहे, पण असायला नाही, आणि आकडेमोड केल्याशिवाय हे लक्षात येत नाही.

यावर उतारा त्या रात्रीतच आहे. पन्हाळ्यावरून निघताना मराठ्यांनी शत्रूला चकवले ते माणूस बदलून. तसेच सोंगट्या पालथ्या ठेवाव्यात आणि त्यांत तीन-चार कोऱ्या मिसळाव्यात. खिंडीत खरी फौज किती, हे समोरच्याला कळू नये. मग आदिलशाही खेळाडूलाही ठरवावे लागते, की खिंडीवर जोर लावायचा, की हे सोंग आहे असे समजून दुसरी वाट शोधायची. दोघांपुढे पेच आला की खेळ जिवंत होतो, आणि त्यासाठी पटावर एकही घर वाढवावे लागत नाही.

कोल्हापूरच्या परिसरात या मापाला बसणारे प्रसंग बरेच आहेत. मार्च १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंदांनी साठ माणसांनिशी रात्री पन्हाळा घेतला. तिथे अंधार, चढण आणि पहारा एवढ्या तीनच गोष्टी मांडाव्या लागतात. २८ डिसेंबर १६५९ ची कोल्हापूरजवळची रुस्तुमे जमानविरुद्धची लढाई उघड्या मैदानावरची. तिला बगला वळवायला जागा लागते, म्हणून ती पोस्टकार्डावर कोंडल्यासारखी होते. गडहिंग्लज तालुक्यातल्या नेसरीला २४ फेब्रुवारी १६७४ रोजी प्रतापराव गुजर सहा स्वारांसह बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले. हा प्रसंग प्रत्येक मराठी मुलाच्या मनात आहे, पण त्याचा खेळ करू नये असे स्पष्ट मत नोंदवावेसे वाटते. एकच निर्णय होता आणि तो प्रतापरावांनी पट मांडण्याआधीच घेतला होता. खेळाडूला फक्त मरणाचे दान टाकायचे उरते.

पुठ्ठ्याऐवजी धातूचे सैनिक हवे असतील तर ६ मिलिमीटर मापाचे वापरतात. माणसाची उंचीच तेवढी. २ मिलिमीटर मापात एकेक माणूस न घडवता सबंध रांग एका तुकड्यात ओततात. असे सैनिक कथिलाच्या मिश्रधातूचे असतात आणि फिरत्या यंत्रावरच्या रबरी साच्यात ओतले जातात. कोल्हापुरातल्या उद्यमनगरच्या भट्ट्यांतले वाळूच्या साच्याचे बीडकाम इतके बारीक काम धरत नाही. हुपरीच्या चांदी कारागिरांचे बारीक हात या कामाला जास्त जवळचे. मिश्रधातूत शिसे असेल तर सैनिक लहान मुलांच्या हाती देऊ नयेत.

पट छापायला लग्नपत्रिका छापणारा कोणताही छापखाना पुरतो. ३०० जीएसएमचे (चौरस मीटरला ३०० ग्रॅम भरणारे) कार्ड घ्यावे आणि कोल्हापूरचा पावसाळा लक्षात घेऊन लॅमिनेशन करून घ्यावे. गाडीत खेळायचे असेल तर पटाखाली पातळ पत्रा आणि सोंगट्यांना चुंबकाची पट्टी लावावी.

फाशाची अडचण वेगळी. तो उडतो, सीटखाली जातो. त्याऐवजी फोडलेले चार चिंचोके मुठीत हलवून टाकले आणि पांढरी बाजू वर आलेले मोजले, तर शून्यापासून चारपर्यंत दान मिळते. दोन्ही बाजू सारख्या पडतात असे धरले तर सोळांत एकदा शून्य, चारदा एक, सहादा दोन, चारदा तीन आणि एकदा चार. पण चिंचोका नेमका निम्मा कौल देत नाही. एक बाजू फुगीर, दुसरी सपाट, आणि प्रत्येक चिंचोका वेगळा. म्हणून जे चार खिशात राहणार आहेत तेच शंभर वेळा टाकून दाने मोजावीत, आणि मगच चकमकीचे कोष्टक लिहायला घ्यावे.