पाइपांच्या जुडीचं रॉकेट

छोटे उपग्रह सोडणाऱ्या स्वस्त रॉकेटांचा विषय निघाला की कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीतल्या कारखानदाराचा प्रश्न ठरलेला असतो: यात आपल्याला काम आहे का? उत्तरासाठी पन्नास वर्षं मागं, जर्मनीतल्या श्टुटगार्टला जावं लागतं.

तिथं १९७० च्या दशकात लुट्झ कायझर या इंजिनिअरनं ‘ओट्राग’ ही खासगी कंपनी काढली. रॉकेट म्हणजे सरकारचं काम, आणि त्याचा प्रत्येक भाग सोन्याच्या भावाचा, असा तो काळ. कायझरनं सगळं उलटं धरलं. २७ सेंटिमीटर व्यासाचा पोलादी पाइप हीच टाकी आणि तळाशी एक साधं इंजिन. असे पाइप शेजारी शेजारी बांधायचे. चार बांधले की चाचणीचं रॉकेट, पुरेसे बांधले की कक्षेत जाणारं. जळायला केरोसीन, त्याला ऑक्सिजन पुरवायला नायट्रिक आम्लाचं मिश्रण. टर्बोपंप, म्हणजे इंधन जोरानं इंजिनात ढकलणारा पंप, हे महागडं प्रकरण मुळातच नाही: टाकी दोन तृतीयांश भरायची, उरलेल्या जागेत दाबाखालची हवा, तीच इंधन ढकलणार. दिशा बदलायला इंजिन वळवायचं नाही, एका बाजूच्या झडपा थोड्या आवळायच्या. आणि त्या झडपा फिरवायला मोटर कुठली, तर गाडीच्या वायपरची!

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका टर्नर मित्राला हे सांगितलं. त्याला वायपरचं काही विशेष वाटलं नाही. ऑइल इंजिनांवर वाढलेल्या गल्लीत असले जुगाड रोजचेच. त्यानं दोनच गोष्टी विचारल्या. “पाइप सीमलेस हाय का वेल्डिंगचा?” आणि “महिन्याला नग किती?”

सीमलेस म्हणजे बिनसांध्याचा. दोन्ही प्रश्न वर्मावर बोट ठेवणारे आहेत. पंप नाही म्हणजे पूर्ण टाकीनं दाब सोसायचा, म्हणजे भिंत जाड आणि वजन जास्त. रॉकेटात वाढलेला प्रत्येक किलो उपग्रहाच्या वाट्यातून जातो. कायझरचा हिशेब असा की वजन वाढलं तरी चालेल, पाइप हजारांनी बनवले की किंमत पडेल. पण हजारांनी पाइप लागायला तेवढी उड्डाणं हवीत, आणि त्या काळी उपग्रह मोजके, जड, बहुतेक सरकारी. गिऱ्हाइकच नव्हतं.

त्यात राजकारण आलं. चाचण्यांसाठी कंपनीनं हुकूमशहा मोबुटूंच्या झैरमध्ये (आजचं काँगो) मोठी जमीन घेतली. अमेरिकेच्या केनेडी स्पेस सेंटरचे माजी प्रमुख कुर्ट डेबुस कंपनीच्या संचालक मंडळावर होते. मे १९७७ मध्ये पहिलं उड्डाण झालं. जून १९७८ मध्ये मोबुटू स्वतः बघायला आले आणि नेमकं तेच फसलं. आफ्रिकेत जर्मन रॉकेटं म्हटल्यावर सोव्हिएत संघानं क्षेपणास्त्रांची ओरड सुरू केली. झैरमधून गाशा गुंडाळून कंपनी गेली कुठं, तर गद्दाफींच्या लिबियात. यापेक्षा वाईट निवड शोधूनही सापडली नसती. पुढं काही वर्षांत कंपनी बंद पडली. चार पाइपांच्या पलीकडं तिचं रॉकेट कधी उडालंच नाही.

गिऱ्हाईक आलं ते नंतर. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या दोन प्राध्यापकांनी दहा सेंटिमीटरच्या घनाकृती ‘क्यूबसॅट’चं माप ठरवलं आणि उपग्रह कॉलेजच्या आवाक्यात आला. पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजच्या विद्यार्थ्यांचा एक किलोच्या आसपासचा ‘स्वयं’ जून २०१६ मध्ये इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटानं नेला. त्या पीएसएलव्हीतही जोडकाम आहेच: मधलं रॉकेट तेच, बाजूचे बूस्टर गरजेप्रमाणं शून्य, दोन, चार किंवा सहा.

कायझरची कल्पना आज उरली आहे ती टाकीत नव्हे, इंजिनात. रॉकेट लॅब कंपनीच्या ‘इलेक्ट्रॉन’ रॉकेटाला खाली एकसारखी नऊ इंजिनं, वरच्या टप्प्यात त्याच जातीचं दहावं, पंप बॅटरीवर चालतात. चेन्नईच्या अग्निकुल कंपनीच्या ‘अग्निबाण’ रॉकेटामध्ये पहिल्या टप्प्याची इंजिनं उपग्रहाच्या वजनाप्रमाणं कमी-जास्त करायची योजना आहे. त्यांचं त्रिमितीय छपाईनं एकसंध बनवलेलं इंजिन ३० मे २०२४ रोजी चाचणीत उडालं.

छोट्या उपग्रहांसाठी इस्रोचं उत्तर म्हणजे एसएसएलव्ही हे रॉकेट. तीन घन इंधनाचे टप्पे, ५०० किलो वजन ५०० किलोमीटरवर. ऑगस्ट २०२२ चं पहिलं उड्डाण वाया गेलं. दुसरा टप्पा सुटताना बसलेल्या हादऱ्यानं सेन्सर गडबडले, सॉफ्टवेअरनं ते बिघडले असं धरलं आणि उपग्रह जास्तीत जास्त ३५६ आणि कमीत कमी ७६ किलोमीटर उंचीच्या कक्षेत टाकले गेले, जिथं ते टिकणं शक्य नव्हतं. फेब्रुवारी २०२३ आणि ऑगस्ट २०२४ ची उड्डाणं जमली. जून २०२५ मध्ये हे रॉकेट बनवण्याचं काम ५११ कोटींच्या बोलीवर हिंदुस्तान एरोनॉटिक्सकडं गेलं.

टर्नरचा दुसरा प्रश्न, महिन्याला नग किती, मात्र अजून तसाच आहे. छोट्या उपग्रहांना मोठ्या रॉकेटातून घोळक्यानं जाणं स्वस्त पडतं. स्पेसएक्सनं जानेवारी २०२१ मध्ये एकाच खेपेत १४३ उपग्रह नेले. स्वतःची कक्षा आणि स्वतःची तारीख हवी असलेलं गिऱ्हाईकच छोट्या रॉकेटाला जास्त पैसे मोजणार. वर्षाला डझनभर रॉकेटं धरली तरी ट्रॅक्टरच्या कास्टिंगवर जगणाऱ्या फाउंड्रीच्या दृष्टीनं ती एक बॅचही नाही. त्यामुळं माझ्या मते, कोल्हापूरला काम मिळालंच तर ते आधी सीएनसीवाल्यांना, म्हणजे संगणकावर चालणारी यंत्रं असलेल्यांना, आणि सुटा भाग यंत्रावर नेमका धरून ठेवणारी जिग-फिक्स्चर करणाऱ्यांना: नग थोडे, तपासणी कडक आणि प्रत्येक नगामागं कागदांची फाइल.