ईईजीतला काटा

मागच्या महिन्यात रंकाळ्यावर भेळेच्या गाड्यापाशी एका कॉलेजच्या पोराला फिट आली. लगेच गाड्यावरचा कांदा फोडून त्याच्या नाकाला लावला, कुणी पायताण काढलं. फिट थांबली, श्रेय कांद्याला गेलं. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते. त्याला फक्त कुशीवर वळवायचं होतं, आणि पाच मिनिटं उलटली असती तर १०८ ला फोन.

गर्दीत एक जण म्हणाला, "आता एआय मेंदूचा रोग सांगतंय की!" तितकं सोपं नाही ते. पण ईईजी वाचताना यंत्र काय करतं, ते मला फार आवडतं.

ईईजी म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख. हान्स बर्गर यांनी तो माणसावर पहिल्यांदा १९२४ साली जर्मनीत घेतला. तेल न लावता धुतलेल्या केसांत पेस्टनं इलेक्ट्रोड, म्हणजे वीज टिपणाऱ्या छोट्या चकत्या, चिकटवतात. अपस्मार, म्हणजे वारंवार फिट येण्याचा आजार, असलेल्यांच्या आलेखात फिट नसतानाही मधूनच टोकदार काटा उठू शकतो. हाच स्पाइक, ७० मिलिसेकंदांच्या आतला. आलेखाच्या १९ वाहिन्या (चॅनेल) आणि प्रत्येकीत सेकंदाला २५६ नोंदी धरल्या, तर २० मिनिटांत ५८ लाखांवर आकडे होतात. काटा शोधायचा तो यात.

समजा, यंत्राकडे ५० आकड्यांची चौकट आहे. ती आलेखावर ठेवायची, वरचा आकडा खालच्याशी गुणायचा, सगळे गुणाकार मिळवायचे. आकार जुळला तर बेरीज मोठी येते. नाही जुळला तर धन-ऋण एकमेकांना खातात. मग एक घर पुढं सरकून पुन्हा तेच. हे कॉन्व्होल्युशन. चौकटीतले आकडे कुणी लिहून देत नाही, सुरुवातीला ते वाटेल ते असतात. डॉक्टरांनी खुणा केलेले स्पाइक दाखवत राहायचं आणि उत्तर चुकलं की प्रत्येक आकडा चूक कमी होईल त्या दिशेनं किंचित सरकवायचा. अशा चौकटी अनेक असतात, थरावर थर रचलेल्या. हळूहळू एक चौकट चढ ओळखू लागते, दुसरी उतार. वरच्या थरातली चौकट या दोघींची बेरीज वाचते आणि चढ, लगेच उतार, मागून मंद लाट अशी साखळी पकडते.

दात आवळले किंवा पापणी लवली तरी आलेख उसळतो, आणि यंत्र फसतं. शिवाय अपस्मार असूनही एखादा ईईजी अगदी स्वच्छ निघतो. म्हणून न्यूरॉलॉजिस्ट आधी विचारतात, फिट बघितली कुणी?

त्या पोराच्या मित्राला मी विचारलं, झटके आधी कुठल्या हाताला आले? "डाव्या." डावा हात मेंदूची उजवी बाजू चालवते, म्हणजे त्या बाजूकडं नीट बघायला हवं. वेळ आणि हात, दोन्ही त्याला मोबाइलमध्ये लिहून ठेवायला लावलं.