तीन लिटर निघालं, मग बाकीचं कुठं आहे?

रविवारी सकाळी मी टेक्सासमधल्या आमच्या ड्राइव्हवेवर, माझ्या 2012 च्या टोयोटा टॅकोमा पिकअपखाली उताणी पडले होते. फोन टायरला टेकवून ठेवलेला. पलीकडे इचलकरंजीत बाबा संध्याकाळचा चहा पीत माझी कामगिरी बघत होते. टबात पडणारी ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलाची लालसर तपकिरी धार बारीक झाली, मग थेंब, मग तेही थांबले.

“किती निघालं?”

“तीन लिटर.”

“आणि बसतं किती?”

“दहाच्या आसपास.”

“अगं, मग सात लिटर कुठं गेलं? नट तरी बरोबर काढलास का?”

बाबांनी आयुष्यभर टेम्पो चालवला. त्यांच्या गिअरबॉक्सचा खालचा नट काढला की गिअर ऑइल झाडून सगळं खाली येई. वरच्या नटातून ते वाहू लागेपर्यंत नवं भरायचं, की काम संपलं. त्या हिशेबाने त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. ऑटोमॅटिक गाडी असलेल्यांपैकी निम्मे लोक इथेच गोंधळतात. ‘ऑइल बदललं’ आणि ‘फ्लश केलं’ ही दोन कामं त्यांना एकच वाटतात. गॅरेजवाल्यालाही तसंच वाटत असेल, तर बिल बघावं लागतं.

आधी ते सात लिटर कुठं असतं ते सांगते. ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लच प्लेट नसते, टॉर्क कन्व्हर्टर असतो. हा भला मोठा डोनटसारखा डबा, पूर्ण तेलाने भरलेला. इंजिनाला जोडलेलं चाक तेल भिरकावतं आणि त्या तेलाच्या जोरावर गिअरबॉक्सला जोडलेलं चाक फिरतं. या डब्याला खाली नट नसतो. जुन्या काही फोर्ड गाड्यांत असायचा, पण हल्ली सहसा कुणी देत नाही. त्याशिवाय तेल व्हॉल्व्ह बॉडीच्या, म्हणजे गिअर बदलायला तेल इकडेतिकडे वळवणाऱ्या बारीक वाटांच्या चक्रव्यूहात असतं, पुढे रेडिएटरजवळच्या कूलरमध्ये असतं आणि तिथवर जाणाऱ्या नळ्यांतही असतं. खालच्या चेंबरचा नट काढल्यावर फक्त चेंबरमधलं तेल येतं. बाकीचं वर आपापल्या जागी बसून राहतं.

चेंबरमधलं काढायचं आणि तेवढंच नवं भरायचं, याला इथे ‘ड्रेन अँड फिल’ म्हणतात. हे झालं साधं बदलणं. फ्लशमध्ये कूलरची नळी सोडून तिच्यातून जुनं तेल बाहेर घेत राहतात आणि त्याच वेळी नवं आत देत राहतात. तेल ढकलायचं काम गिअरबॉक्सचा स्वतःचा पंप करतो. त्यामुळे कन्व्हर्टरमधलं तेलही रांगेत येऊन बाहेर पडतं. नव्यात थोडं जुनं मिसळतंच, म्हणून दहा लिटरच्या गाडीला बारा-तेरा लिटर लागतं, पण शेवटी आत जवळजवळ सगळं नवं असतं.

साध्या बदलण्याचा हिशोब तांदूळ धुण्यासारखा आहे. पहिलं पाणी ओतून टाकलं तरी थोडं पातेल्यात राहतंच, आणि नव्या पाण्यात ते मिसळतं. दहातलं तीन लिटर बदललं की 30 टक्के नवं. गाडी चालवून सगळं एकजीव झाल्यावर पुन्हा तीन काढलं, तर त्यात नवंही वाया जातं. म्हणून दुसऱ्या खेपेनंतर 60 नाही, 51 टक्के होतं. तिसऱ्या खेपेला 66, चौथ्याला 76. म्हणजे बारा लिटर ओतूनही पाव हिस्सा जुनाच राहतो. मशीन लावून फ्लश करणारा गॅरेजवाला याच आकड्यावर बोट ठेवतो आणि हिशोबापुरतं त्याचं बरोबर आहे.

पण मला पाव हिस्सा जुनं चालतं. का चालतं हे कळायला आधी ते तेल आत काय करतं ते बघायला हवं. इंजिन ऑइलचं मुख्य काम घसरवणं. ऑटोमॅटिकच्या तेलाला घसरवायचंही असतं आणि पकडूही द्यायचं असतं, कारण गिअर बदलणाऱ्या क्लच प्लेटा याच तेलात बुडून काम करतात. पकड अचानक बसली तर धक्का बसतो, उशिरा बसली तर प्लेटा जळतात. हे संतुलन साधायला पूर्वी अमेरिकेत या तेलात चक्क स्पर्म व्हेलचं तेल घालत. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला व्हेलच्या तेलावर बंदी आली, तेव्हा कंपन्यांना रसायनं नव्याने जुळवावी लागली. हीच रसायनं वापराने आणि उष्णतेने थकतात. तीन-चार लिटर ताजं तेल आत गेलं की त्यांचा मोठा वाटा परत मिळतो. दर दोन-एक वर्षांनी एक खेप करणाऱ्याचं तेल कधी फार थकतच नाही.

टोयोटाच्या वेळापत्रकात माझ्या गाडीचं हे तेल 60,000 मैलांना बदला असं येतं, तेही ट्रेलर ओढत असाल किंवा ओझं वाहत असाल तर. इतरांसाठी त्यात काही नाही. यावरून ‘लाइफटाइम ऑइल’, म्हणजे कधीच बदलावं न लागणारं तेल, ही समजूत पसरली. गंमत म्हणजे रॅम पिकअपमधल्या आठ गिअरच्या बॉक्सची मूळ रचना करणारी जर्मनीची झेडएफ कंपनी स्वतः 80,000 ते 1,20,000 किलोमीटर किंवा 8 वर्षांनी तेल बदला असं सांगते. बॉक्स बनवणारा बदला म्हणतो आणि गाडी विकणारा गरज नाही म्हणतो, तेव्हा मी बॉक्स बनवणाऱ्याचं ऐकते.

फ्लशबद्दलची भीती तुम्हीही ऐकली असेल: ‘जुन्या गाडीला फ्लश मारला आणि महिन्याभरात गिअरबॉक्स गेला.’ हे सांगणारे खोटं बोलत नाहीत. पण फ्लशला जाणारी पुष्कळ माणसं गिअर आधीच घसरायला लागला, उशिरा पडायला लागला म्हणून जातात. प्लेटा संपलेल्या असतात, तेल नवं असो की जुनं. मरणाच्या दारातल्या माणसाला शेवटचं औषध देणारा डॉक्टर जसा बदनाम होतो, तसं फ्लशचं झालं आहे. यात एक फरक मात्र खरा आहे. काही ठिकाणी फ्लशच्या नावाखाली आत साफ करणारं रसायन घालतात किंवा बाहेरून दाबाने तेल ढकलतात. गाळ सुटून व्हॉल्व्ह बॉडीच्या बारीक वाटांत अडकू शकतो तो अशाने. गिअरबॉक्सच्या स्वतःच्या पंपाने होणारी अदलाबदल वेगळी आणि ही धुलाई वेगळी. दोन्हीला फ्लशच म्हणतात, हे दुर्दैव.

माझ्या एका मैत्रिणीने अभिमानाने सांगितलं, “मी फ्लश करून घेतला.” मी बिल मागितलं. काम ‘फ्लश’, तेल चार क्वार्ट. एक क्वार्ट म्हणजे लिटरला थोडं कमी. चार क्वार्टमध्ये कुठल्याच पिकअपचा फ्लश होत नाही. तिने साध्या बदलण्याला फ्लशचे पैसे मोजले होते. नाव काहीही असो, तेल किती लावलं तेवढा आकडा बघा.

घरी यातलं कुठलं काम जमतं? दोन्ही जमतात, पण मी पहिलंच करते. कूलरची नळी सोडून बादलीत धरायची, कुणाला तरी इंजिन चालू करायला लावायचं, दोन क्वार्ट बाहेर आलं की ओरडून बंद करायला सांगायचं, तेवढं भरायचं, पुन्हा चालू. ओरडणं ऐकू आलं नाही तर पंप कोरडा फिरतो आणि रविवार फार महाग पडतो. शिवाय माझ्या गाडीत तेल गरम होईपर्यंत थर्मोस्टॅट पुढच्या कूलरकडचा रस्ता जवळपास बंद ठेवतो. थंड गाडीवर नळी सोडून बसलेले लोक ‘काहीच येत नाही’ म्हणत घाबरतात ते यामुळे.

साध्या बदलण्यात अशी कसरत नाही, पण एक सापळा आहे. या टॅकोमाला तेल बघायची दांडी नाही. चेंबरला खाली दोन नट आहेत आणि नवखा माणूस त्यांतच फसतो. 14 नंबरच्या पान्याचा तो तेल सोडायचा. 5 नंबरच्या एलन कीचा तो पातळी बघायचा. या दुसऱ्याच्या आत उभी नळी आहे. तेल तिच्या तोंडाच्या वर गेलं तरच खाली ओघळतं. हा काढून ‘तेल संपलंय’ म्हणणारे मी पाहिले आहेत. भरायचा नट वर, उजव्या बाजूला, 24 नंबरचा. त्याच्यावर ‘डब्ल्यूएस’ लिहिलेलं असतं, म्हणजे टोयोटाचं त्याच नावाचं तेल घालायचं.

सगळ्यात आधी हा वरचा नट उघडायचा, खालच्याला हात लावण्यापूर्वी. तो गंजून अडकला असेल आणि खालचं तेल सोडून बसलात, तर गाडी जागेवरच थांबते. एरवी मी जॅक लावतच नाही. पिकअपखाली तशीच सरपटत जाता येतं आणि गाडी सपाट राहते. पातळीसाठी सपाट राहणंच महत्त्वाचं. चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे मात्र लावते.

तीन लिटर निघालं तर तीनच लिटर, किंचित जास्त, वरून हातपंपाने भरायचं. मग इंजिन चालू करून, ब्रेकवर पाय ठेवून, लीव्हर सगळ्या जागांवरून सावकाश फिरवायचा. आता पातळी. तेल 46 ते 56 अंश सेल्सिअसच्या दरम्यान असताना, इंजिन चालू ठेवूनच, तो 5 नंबरचा नट काढायचा. बारीक धार आली आणि थेंबांवर आली की पातळी बरोबर. तापमान मी गाडीच्या ओबीडीला, म्हणजे तपासणीच्या सॉकेटला, लावायच्या स्कॅनरवर बघते. थंड असताना बघाल तर तेल आकसलेलं असतं, थेंबही येत नाही, आणि भरत सुटलात तर गरम झाल्यावर जास्त होतं. जास्त झालं की फिरणारे भाग त्याचा फेस करतात, आणि फेसाला दाब धरता येत नाही. खालचे दोन्ही नट साधारण 20 न्यूटन-मीटरनेच आवळायचे. चाकाचा नट नाही तो.

चेंबर उतरवून आतली जाळी आणि चुंबकं साफ करणं हे तिसरं काम. ते मी एकदाच केलं. चुंबकांवर राखाडी मऊ लेप होता, तो असतोच. बोटाला टोचणारे तुकडे असते तर तेलाचा विचार सोडून गिअरबॉक्सवाल्याकडे गेले असते.

दुसऱ्या गाडीवाल्यांनी माझे आकडे उचलू नयेत. फोर्ड एफ-150 मध्ये तर आणखी एक जोडी गोंधळात टाकते. जुन्या सहा गिअरच्या बॉक्सला ‘मर्कॉन एलव्ही’ लागतं आणि 2017 पासून आलेल्या दहा गिअरच्या बॉक्सला ‘मर्कॉन यूएलव्ही’. बाटल्या शेजारी शेजारी असतात आणि नावात एका अक्षराचा फरक. दुसरं खूपच पातळ आहे. एकाच्या जागी दुसरं चालत नाही.

हे सगळं बाबांना सांगून होईतो त्यांचा चहा संपला होता. मी जुनं तेल दुधाच्या रिकाम्या कॅनमध्ये ओतत होते.

“आता हे कुणाला देणार?”

“स्पेअर पार्टच्या दुकानात नेऊन द्यायचं. फुकट घेतात.”

“फुकट?” बाबा पुढे वाकले. “अगं, आपल्याकडं सेंट्रिंगवाले फळ्यांना लावायला येऊन पैसे देऊन नेतात.”