आयरिश उन्हाळी महाविद्यालये

आयर्लंडमधील शाळकरी मुलांसाठी उन्हाळ्याच्या सुटीत भरणारे आयरिश भाषेचे निवासी अभ्यासवर्ग. नावात महाविद्यालय असले, तरी तेथे कोणतीही पदवी मिळत नाही. मुख्यतः माध्यमिक शाळेतील मुले-मुली जून ते ऑगस्ट या काळात साधारण तीन आठवडे ‘गेल्टाख्त’ म्हणजे आयरिशभाषक प्रदेशात जातात आणि तेथील कुटुंबांत राहून भाषा शिकतात. गेल्टाख्त हा सलग भूभाग नाही. डोनेगॉल, मेयो, गॉलवे, केरी, कॉर्क, वॉटरफर्ड आणि मीथ या सात काउंट्यांत त्याचे लहान-मोठे तुकडे विखुरलेले आहेत. यांतील बहुतेक गावे पश्चिमेच्या अटलांटिक किनाऱ्याजवळची असून, मीथमधील वस्ती मात्र 1930 च्या दशकात पश्चिमेकडील आयरिशभाषक भागांतून आणून वसवलेल्या कुटुंबांची आहे.

एकोणिसाव्या शतकातील भीषण दुष्काळ, त्यामागून आलेले स्थलांतर आणि इंग्रजीला मिळालेले व्यवहारातील महत्त्व यांमुळे आयरिश भाषा झपाट्याने मागे हटत गेली. तिच्या पुनरुज्जीवनासाठी 1893 मध्ये डब्लिनमध्ये गेलिक लीग स्थापन झाली. भाषा शाळेत न्यायची, तर ती शिकवू शकणारे शिक्षक हवेत, ही लीगच्या कार्यकर्त्यांची मोठी अडचण होती. त्यातूनच 1904 मध्ये कॉर्क काउंटीतील बॅलिंगिअरी येथे पहिले आयरिश महाविद्यालय सुरू झाले. म्हणजे प्रारंभीचे विद्यार्थी किशोरवयीन नव्हते. सुटीत आयरिश शिकायला आलेले शिक्षक आणि भाषाप्रेमी प्रौढ होते. पुढे 1922 मध्ये स्वतंत्र राज्य अस्तित्वात आल्यावर आयरिश शालेय अभ्यासक्रमात सक्तीची झाली आणि हळूहळू या वर्गांतील बाके शाळकरी मुलांनी भरू लागली. डोनेगॉलमधील रॅनाफास्ट येथे 1926 पासून चालत आलेल्या महाविद्यालयाचे महत्त्व वेगळे आहे, कारण सीमेपलीकडील उत्तर आयर्लंडमधील मुलांच्या अनेक पिढ्या तेथे अल्स्टर या उत्तरेकडील प्रांताची बोली शिकल्या. मुलाला कोठे पाठवले यावर त्याच्या तोंडी मन्स्टर, कॉनॉट की अल्स्टर यांपैकी कोणत्या प्रांताची बोली बसते हे पुष्कळदा ठरते, आणि घराण्यात एकच महाविद्यालय पिढ्यान्‌पिढ्या धरून ठेवणारेही आहेत.

दिवसाचा क्रम बहुतेक ठिकाणी सारखाच असतो. सकाळी भाषेचे वर्ग, दुपारी खेळ, पोहणे किंवा नाटुकल्यांच्या तालमी आणि रात्री सभागृहात ‘केली’, म्हणजे सामूहिक पारंपरिक नृत्य. वर्गात व्याकरण घोटले जाते, पण या संस्थेचे खरे बळ केलीत आहे असे म्हणावे लागते. नृत्याच्या पायऱ्या आयरिशमध्येच सांगितल्या जातात, जोडीदार सतत बदलत राहतो, त्यामुळे अनोळखी मुला-मुलींना एकमेकांशी चार शब्द आयरिशमध्ये बोलणे भागच पडते. कार्यक्रमाच्या शेवटी सर्वजण उभे राहून आयरिश भाषेत राष्ट्रगीत म्हणतात. इंग्रजी बोलण्यास मनाई हा मूलभूत नियम आहे. अनेक महाविद्यालयांत वारंवार ताकीद देऊनही इंग्रजी बोलत राहणाऱ्या मुलाला घरी परत पाठवले जाते. तरीही शिक्षकांची पाठ फिरताच मुलांची कुजबुज इंग्रजीत सुरू होते, ही जुनी तक्रार आहे आणि तिच्यात तथ्यही आहे.

मुले ज्या घरात उतरतात त्या घरची गृहिणी ही या व्यवस्थेचा कणा होय. तिला आयरिशमध्ये ‘बन अन टी’ म्हणजे घरधनीण म्हणतात. ती मुलांचे जेवण-खाण, झोपणे-उठणे आणि आजारपण सांभाळते, आणि हे सारे आयरिशमधून करते. मीठ मागणे, टॉवेल कोठे आहे हे विचारणे, उशीर झाल्याबद्दल बोलणी खाणे अशा प्रसंगांतून भाषा जगण्याची होते, आणि असे प्रसंग पाठ्यपुस्तक निर्माण करू शकत नाही. शासन अशा मान्यताप्राप्त घरांना दर विद्यार्थ्यामागे, दर रात्रीच्या हिशेबाने अनुदान देते. रोजगार तुटपुंजा असलेल्या किनारी गावांत या हंगामी उत्पन्नाला मोठे मोल आहे; आयरिश बोलणे हेच तेथे कुटुंबाच्या मिळकतीचे साधन ठरते.

पालकांच्या दृष्टीने परीक्षेचाही विचार असतो. शालान्त लीव्हिंग सर्टिफिकेट परीक्षेत 2012 पासून आयरिशच्या तोंडी परीक्षेला 40 टक्के गुण आहेत, त्यामुळे बोलण्याचा सराव थेट उपयोगी पडतो. तीन आठवड्यांचा खर्च मात्र आता बहुधा हजार युरोंच्या पुढे जातो. शिष्यवृत्त्या उपलब्ध असल्या, तरी कमी उत्पन्नाच्या घरांतील मुलांना ही संधी सहजी मिळत नाही, आणि सर्वांची म्हणवल्या जाणाऱ्या राष्ट्रभाषेच्या बाबतीत ही उणीव गंभीर आहे.

2022 च्या जनगणनेत 18,73,997 जणांनी आपल्याला आयरिश येते असे नोंदवले. शिक्षणाबाहेर ती रोज बोलणारे मात्र 71,968 होते. या दोन आकड्यांमधील अंतर तीन आठवड्यांचे वर्ग भरून काढतील अशी अपेक्षा अवास्तव आहे. पण पुस्तकी विषय म्हणून कंटाळवाणी वाटणारी भाषा प्रत्यक्षात कोणाच्या तरी घरची भाषा आहे, हे शहरी मुलाला प्रथम कळते ते बहुधा येथेच.

कोविड साथीमुळे 2020 आणि 2021 या दोन्ही उन्हाळ्यांत निवासी वर्ग भरले नाहीत. 2022 मध्ये ते पुन्हा सुरू झाले, तेव्हा मुलांना ठेवून घेणारी घरे कमी पडू लागल्याचे दिसले. अनेक घरधनिणी वयोमानानुसार थांबल्या होत्या आणि गेल्टाख्तमधील तरुण कुटुंबांना स्वतःच्याच गावात परवडणारे घर मिळणे कठीण झाले होते. शासनाने त्यानंतर अनुदानाचे दर वाढवले आहेत. तथापि घरांचा प्रश्न हाच आज या महाविद्यालयांपुढील सर्वांत मोठा प्रश्न आहे.