आशाताईचं कसब गंजतं कुठे?

नवजात बाळाचे श्वास अर्धा मिनिट मोजून दुप्पट केले की आकडा सहज चुकू शकतो. पहिल्या काही आठवड्यांत बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही: भराभर काही श्वास, मग क्षणभर थांबा, पुन्हा भराभर. म्हणून घड्याळ समोर धरून पूर्ण 60 सेकंद मोजायचं. बाळ रडत नसावं, दूध पीत नसावं. आकडा 60 किंवा त्याहून जास्त आला तर पुन्हा मोजायचं, आणि दुसऱ्यांदाही तसाच आला तर वाट न पाहता बाळाला दवाखान्यात न्यायचं.

हे कसब पाचवी ते दहावी शिकलेल्या गावातल्या बायकांना उत्तम जमतं, हे गडचिरोलीत सिद्ध झालं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांत हा प्रयोग केला. 1993-95 मध्ये तिथे हजार जन्मांमागे 62 नवजात बाळं दगावत होती; 1997-98 पर्यंत हा आकडा 25 च्या आसपास आला. 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये हे निष्कर्ष छापून आले आणि पुढे देशभर आशांच्या, म्हणजे गावातल्याच आरोग्य कार्यकर्त्यांच्या, नवजात बाळांसाठी गृहभेटी सुरू झाल्या. मात्र त्या प्रयोगातली एक गोष्ट देशभर नेताना पातळ झाली. तिथे दर पंधरवड्याला डॉक्टर गावात येऊन नोंदी तपासत आणि आरोग्यदूताच्या, म्हणजे प्रयोगात शिकवलेल्या गावातल्या बाईच्या, चुका तिथल्या तिथे दुरुस्त करत.

ते का गरजेचं होतं, हे साध्या हिशोबातून कळतं. साधारण हजार लोकवस्तीमागे एक आशा. महाराष्ट्राचा जन्मदर हजारी 15 च्या आसपास, म्हणजे तिच्या वाट्याला वर्षाला 15 बाळं. दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी भेट, म्हणजे वर्षाला 90 गृहभेटी. त्यात खरोखर गंभीर आजारी बाळ दिसणार एखाद-दुसरंच. वर्षातून एकदा लागणारं कसब हाताशी तयार राहत नाही. पाच-पाच दिवसांच्या चार फेऱ्यांचं प्रशिक्षण कितीही चांगलं झालं, तरी सराव नसेल तर ते विरतंच.

म्हणून आमच्या मते आशांची संख्या वाढवण्याआधी गटप्रवर्तकाचा, म्हणजे आशांच्या कामावर देखरेख करणारीचा, दिवस मोकळा करायला हवा. साधारण 20 आशांमागे एक गटप्रवर्तक असते. महिन्याला 20 दिवस फिरती झाली तर प्रत्येक आशेला महिन्यातून एकच दिवस मिळतो, आणि तोही बहुतेकदा रजिस्टर जुळवण्यात आणि अहवाल भरण्यात जातो. त्याऐवजी दोघींनी मिळून एका तरी बाळंतिणीच्या घरी जावं. आधी आशाने वजन करावं, मग गटप्रवर्तकाने आकडा न पाहता पुन्हा करावं. रिकामी झोळी लावून काटा शून्यावर आणलाय का, काटा डोळ्यांच्या रेषेत धरलाय का, बाळाचे कपडे काढलेत का, हे तिथेच दिसतं. थंडीत घरचे बाळाला उघडं करू देत नाहीत आणि चूक नेमकी तिथे होते. टोपी, स्वेटर आणि दुपट्यासकट तोललेलं 1700 ग्रॅमचं बाळ 1900 भरतं. 1800 च्या खालच्या बाळाला नवजात कक्षात पाठवायचं असतं. हे बाळ मात्र घरीच राहतं. कपडे काढू देत नसतील तर तेवढेच कपडे वेगळे तोलून वजा करावेत.

नव्या आशेची अडचण वेगळी. पुढच्या प्रशिक्षणासाठी तुकडी भरेपर्यंत तिला थांबावं लागतं, पण गावातली बाळंतपणं थांबत नाहीत. निदान पहिल्या तीन बाळांच्या सगळ्या भेटी तिने शेजारच्या अनुभवी आशेबरोबर कराव्यात आणि त्या दोघींनाही त्याचा मोबदला मिळावा.

आता पैशाबद्दल. या गृहभेटींसाठी 2011 मध्ये सगळ्या भेटींचे मिळून 250 रुपये ठरले, म्हणजे सहा भेटी धरल्या तर भेटीमागे 42 रुपयांहूनही कमी. वजनाची आणि जन्माची नोंद, लसी, आणि 42 व्या दिवशी आई-बाळ दोघं सुखरूप असणं, या तेव्हाच्या अटी होत्या. सगळ्या भेटी वेळेवर करूनही बाळ दगावलं तर त्या श्रमांचं मोल शून्य, हे अन्यायाचं आहे. शिवाय अशी अट खऱ्या मृत्यूनोंदीच्याही आड येते. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये सांगितलं की अशा कार्यकर्त्यांचा मोबदला केवळ किंवा मुख्यतः कामगिरीवर अवलंबून ठेवू नये. ठरावीक मानधन मोठं आणि कामनिहाय रक्कम छोटी, असं प्रमाण असलं तर ज्या कामाला दर नाही तेही टिकतं. रात्री गरोदर बाईबरोबर गाडीत बसणं, लस नाकारणाऱ्या घरी चौथ्यांदा जाणं, ही तसलीच कामं.

पहिलं बाळंतपण बहुधा माहेरी होतं. गरोदरपणाची नोंद सासरच्या आशेकडे, बाळ माहेरच्या आशेच्या गावात, आणि महिनाभराने पुन्हा सासरी. या अदलाबदलीत 28 आणि 42 व्या दिवसाच्या भेटी निसटतात. उपाय साधा आहे: बाई माहेरी निघाली की माता-बाल संरक्षण कार्डावर तिकडच्या आशेचा नंबर लिहायचा, त्याच दिवशी तिला फोन करायचा, आणि पैसे संपूर्ण मालिकेचे न देता भेटीनुसार दोघींत वाटायचे.